गिरणगावच्या तालमीतून रुपेरी पडद्यावर : भगवानदादा

भगवानदादा म्हटले की मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे प्रथम येते ते त्यांचे नाचणे. किंचित वाकलेले गुडघे, खांद्यांची संथ, लयदार हालचाल, कोपरात दुमडलेले हात आणि चेहऱ्यावर आपल्याच मस्तीत असल्याचा भाव. १९५१ साली आलेल्या 'अलबेला'ने ही प्रतिमा इतकी घट्ट रुजवली की त्याआधीची वीस वर्षे लोकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसली गेली. त्या वीस वर्षांत भगवान आभाजी पालव हा कुस्तीचा नाद असलेला कामगार तरुण मूकपटांत शिरला, बोलपटांत टिकला, हाणामारीच्या चित्रपटांचा नायक झाला आणि पुढे त्याच प्रकारच्या चित्रपटांचा दिग्दर्शक व निर्माताही झाला. नाचणारे भगवानदादा घडले ते या स्टंटपटांच्या कारखान्यात. त्यामुळे त्यांचे चरित्र 'अलबेला'पासून सांगायला घेतले तर ते अर्धेच सांगून होते.

त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत झाला. वडील कापडगिरणीतले कामगार. भगवानची वाढ मुंबईत, दादर-परळच्या कामगारवस्तीत झाली. शिक्षण लवकरच सुटले आणि मजुरी करण्याची वेळ आली. शाळा सुटली तरी दोन शाळा मात्र आयुष्यभर पुरल्या. एक तालीम आणि दुसरी सिनेमाचे थिएटर.

गिरणगावात तालमीला वेगळेच महत्त्व होते. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत आलेल्या माणसांनी गावाकडची भजने, तमाशे, नमन यांच्याबरोबर लाल मातीही शहरात आणली होती. चाळीची खोली दहा बाय दहाची, तीत राहणारी माणसे डझनभर. अशा वस्तीत तरुणांना घराबाहेर हक्काची जागा म्हणजे व्यायामशाळा. पाळी सुटल्यावर अंगाला तेल लावून जोर-बैठका काढायच्या, मातीत उतरायचे, सणावाराला कुस्त्यांचे फड लावायचे. भगवानला कुस्तीचे वेड होते, आणि नावापुढे लागलेले 'दादा' हे बिरूदही या पहिलवानकीतूनच आल्याचे सांगितले जाते. मुंबईच्या कामगारवस्तीत या शब्दाला दुहेरी अर्थ होता. दादा म्हणजे थोरला भाऊ, आणि दादा म्हणजे ज्याच्या वाटेला कोणी जात नाही असा माणूस. पडद्यावरच्या भगवानमध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदले. अंगाने बुटका, बांध्याने भरलेला, चेहऱ्याने भोळा. पण हात उगारला की समोरचे चारजण आडवे.

त्या काळच्या मुंबईत साहसपटांची मोठी चलती होती. 'थीफ ऑफ बगदाद'सारख्या चित्रपटांतून डग्लस फेअरबँक्सच्या उड्या आणि तलवारबाजी बघायला गर्दी लोटत असे. त्याच वळणाचे देशी चित्रपट मुंबईतल्या कंपन्या धडाधड काढत होत्या. या चित्रपटांचे सम्राट होते मास्टर विठ्ठल. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी करून ते मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत आले आणि तलवारीच्या जोरावर मूकपटांचे सर्वांत लोकप्रिय नायक झाले. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक थिएटरात झळकलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकही तेच. मात्र त्या चित्रपटाने हिंदुस्तानी संवादांची कसोटी लावली आणि ज्यांचे सारे बळ शरीरात होते त्या नटांच्या दृष्टीने काळ फिरला.

याच १९३१ साली भगवानने पडद्यावर पाऊल ठेवले. 'बेवफा आशिक' हा त्यांचा पहिला चित्रपट, आणि तो मूकपट होता. भूमिका विनोदी होती. बोलपट आले तरी मूकपट तीन-चार वर्षे निघत राहिले आणि या संधिकाळात भगवानला कॅमेऱ्यापुढचे धडे मिळाले. १९३४ च्या 'हिम्मत-ए-मर्दा' या बोलपटात ललिता पवार यांच्यासमवेत ते दिसले. चित्रपट बोलू लागल्यावर स्टंटपट मरेल असे अनेकांना वाटत होते. प्रत्यक्षात उलटे घडले. संवादप्रधान, गीतप्रधान सामाजिक चित्रपट मध्यमवर्गाने उचलून धरले, आणि पिटातल्या प्रेक्षकाला आपला सिनेमा वेगळा हवासा वाटू लागला. १९३५ साली वाडिया मूव्हिटोनच्या 'हंटरवाली'ने नादिया या नटीला घराघरांत पोहोचवले आणि स्टंटपटाला नवे आयुष्य मिळाले. वाडियांचा स्टुडिओ परळलाच होता. गिरणी कामगाराची करमणूक गिरण्यांच्या सावलीतच तयार होत होती.

भगवानदादा दिग्दर्शनाकडे वळले ते १९३८ साली, 'बहादुर किसान' या चित्रपटाच्या सहदिग्दर्शनाने. तेव्हापासून १९४९ पर्यंत त्यांनी कमी खर्चाच्या स्टंटपटांची रांग लावली. या चित्रपटांत ते बहुधा साध्या, भाबड्या माणसाची भूमिका करत. हा नायक राजपुत्र नसे, त्याला उर्दू शेरोशायरी येत नसे. सुरुवातीला लोक त्याला हसत आणि शेवटी तोच खलनायकाला लोळवत असे. पिटातल्या माणसाला या नायकात स्वतःला पाहणे अवघड नव्हते.

हे चित्रपट कसे बनत हेही पाहण्यासारखे आहे. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई. मारामारीच्या वेळी तो जरा हळू फिरवला की पडद्यावर हालचाल वेगवान दिसे आणि नटाची अर्धी मेहनत वाचे. बोलपटात ध्वनीमुळे फिल्मचा वेग सेकंदाला चोवीस चौकटी असा बांधला गेला. आवाज आणि हालचाल एकत्र टिपायची तर वेगाची लबाडी चालेना. नटाला खरोखरच चपळ असावे लागले. कच्ची फिल्म महाग असल्यामुळे एकच दृश्य पुन्हापुन्हा घेणे परवडत नसे. नायकाच्या जागी उडी मारायला दुसरा माणूस उभा करण्याची चैन छोट्या निर्मात्याला नव्हती. पहिलवानांनाच पात्रे द्यायची, डाव-पेच जागेवर ठरवायचे आणि एका दमात चित्रीकरण उरकायचे असा हा कारभार होता. तालमीत कमावलेले शरीर हेच भगवानदादांचे भांडवल होते. कुठे पडायचे, कसे पडायचे, धक्का कसा द्यायचा आणि तो बसल्यासारखा कसा दाखवायचा, हे मातीत घडलेल्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही.

पण डाव चुकला की काय होते, तेही त्यांच्याच कारकिर्दीत घडले. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. नायिका होत्या ललिता पवार. येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या या अभिनेत्रीने मूकपटांपासून नायिका म्हणून नाव कमावले होते. १९३१ च्या 'दिलेर जिगर'मध्ये मुखवटा चढवून तलवार चालवणारी ललिता पाहिली की मागाहून आलेल्या कजाग सासूशी तिचा काही संबंध असेल हे खरे वाटत नाही. 'जंग-ए-आझादी'तल्या एका प्रसंगात भगवानदादांनी त्यांना थप्पड मारायची होती. हात जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला अर्धांगासारखा विकार जडला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. जवळजवळ तीन वर्षे उपचार चालले. डोळा कायमचा बारीक राहिला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या.

ही हकिकत सांगताना बहुतेक ठिकाणी लगेच पुढचे वाक्य येते, की या अपघातामुळेच हिंदी चित्रपटसृष्टीला एक श्रेष्ठ चरित्र अभिनेत्री मिळाली. 'श्री ४२०' आणि 'अनाडी'तल्या त्यांच्या भूमिका अविस्मरणीय आहेत यात वाद नाही. 'अनाडी'साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. तरी हा हिशेब फार सोयीस्कर आहे. ललिताबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, आपल्या यशाच्या ऐन भरात होत्या, आणि हा सौदा त्यांनी स्वखुशीने केलेला नव्हता. मुद्दाम कोणी काही केले नव्हते हे खरे. पण विना-तालीम, विना-संरक्षण, एका दमात काम उरकण्याच्या त्या पद्धतीची किंमत कोणाला तरी मोजावी लागणारच होती. पुढे 'अलबेला'त भगवानदादांच्या नाचातला जो हळुवारपणा दिसतो तो या प्रसंगाच्या पार्श्वभूमीवर पाहिला की वेगळाच वाटू लागतो.

दरम्यान त्यांच्या हातून एक अनपेक्षित गोष्ट घडली होती. १९४१ साली त्यांनी 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला. एम. के. राधा आणि सिंहली मुलखातून आलेली के. थवमणी देवी हे त्याचे कलाकार. जंगलातली कथा, आणि चंद्रू नावाच्या हत्तीला महत्त्वाची भूमिका. मुंबईच्या कामगारवस्तीतला एक मराठी माणूस मद्रासच्या प्रेक्षकासाठी चित्रपट काढतो, ही गोष्ट आज विलक्षण वाटते. स्टंटपटाला भाषेचे बंधन फारसे नव्हते, हेच यातून दिसते. या तमिळ उद्योगात त्यांच्यासोबत एक तरुण संगीतकार होता, रामचंद्र नरहर चितळकर. भगवानदादांनीच पुढे १९४२ च्या 'सुखी जीवन'मध्ये त्याला हिंदी चित्रपटाचे संगीत दिले आणि सी. रामचंद्र हे नाव सुरू झाले. दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. चित्रपटाच्या धंद्यात ती तशी दुर्मीळच म्हणायची.

१९४२ सालीच त्यांनी 'जागृती पिक्चर्स' ही स्वतःची निर्मितीसंस्था काढली. महायुद्धाचे दिवस होते. कच्ची फिल्म परदेशातून येत असे. सरकारने तिच्यावर नियंत्रण आणले, चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांवर मर्यादित केली आणि परवान्याशिवाय फिल्म मिळेना. छोट्या निर्मात्यांचे कंबरडे मोडण्याचा तो काळ. मात्र आखूड लांबीचा, मोजक्या फिल्मवर उरकलेला चित्रपट काढण्याची ज्यांना आधीपासून सवय होती, त्यांना हा जाच त्या मानाने कमी बाधला असावा. युद्ध संपले, नियंत्रणे उठली आणि १९४७ साली भगवानदादांनी चेंबूरला 'जागृती स्टुडिओ' उभारला. गिरणी कामगाराच्या मुलाचा स्वतःचा स्टुडिओ.

वर्तमानपत्रांतले समीक्षक या चित्रपटांकडे ढुंकूनही पाहत नसत. ते मुख्यतः चालत ते कामगारवस्तीतल्या थिएटरांत, तालुक्याच्या गावी आणि जत्रेतल्या तंबूंत. त्यामुळे त्यांच्यावर लिहिलेलेही फारसे मिळत नाही. आणि चित्रपटही आता मिळत नाहीत. साठवणीच्या जागेला लागलेल्या आगीत मूळ प्रती जळाल्या असे सांगितले जाते. एका माणसाच्या बारा वर्षांच्या कष्टांचा जवळपास सारा पुरावा अशा रीतीने गेला. तेव्हा उंचावरच्या समीक्षेला हे चित्रपट जतन करण्याजोगे वाटले असते, तर चित्र कदाचित निराळे दिसले असते.

चेंबूरलाच राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ उभा राहत होता. भगवानदादांनी स्टंटपट सोडून एखादा सामाजिक चित्रपट काढावा, असा सल्ला राज कपूर यांनी दिला. भगवानदादांनी तो ऐकला आणि 'अलबेला' निघाला. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक तेच. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे, गीते राजेंद्र कृष्ण यांची. गोष्ट प्यारेलाल नावाच्या गरीब नोकरदाराची. नाटकाचे वेड, घरी बहिणीच्या लग्नाची चिंता, नोकरी गेलेली. घराबाहेर पडलेला प्यारेलाल रंगभूमीवर मोठा नट होतो, पण घरी पाठवलेले पैसे घरच्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. परत येतो तेव्हा आई गेलेली असते आणि उरलेले कुटुंब रस्त्यावर आलेले असते. कथेत नवे फारसे नाही. पण तिचा नायक गिरणगावच्या प्रेक्षकाला परका नव्हता. तो त्यांचाच जुना भाबडा गडी होता, फक्त या वेळी त्याने मारामारी सोडून नाचायला सुरुवात केली होती.

आणि हे नाचणे अफाट गाजले. भगवानदादांनी नृत्याचे शास्त्रोक्त शिक्षण घेतलेले नव्हते. गीता बाली समोर विजेसारखी सळसळत असताना हा जाडसर माणूस जागच्या जागी थोडेसे डोलतो, एक हात पुढे एक मागे करतो, आणि नजर मात्र त्याच्यावरून हलत नाही. पहिलवानाचे वजन त्याच्या तळपायांत असते. तोल कुठे आहे हे त्याला सतत ठाऊक असते. आखाड्यात सलामी देऊन मांडी ठोकत फिरणारा मल्ल ज्याने पाहिला आहे, त्याला या नाचाचे मूळ सापडायला वेळ लागू नये. सी. रामचंद्र यांनी चितळकर या नावाने स्वतःचाच आवाज भगवानदादांना दिला आणि सोबत लता मंगेशकर होत्या. पाश्चात्त्य वाद्यांचा उडता ठेका आणि त्यावर मराठी मातीतले अंग, हे मिश्रण हिंदी पडद्यावर तोवर कोणी पाहिले नव्हते. चार भिंतींतल्या मैफलीपेक्षा मिरवणुकीत जास्त शोभावा असा हा नाच. पुढे अमिताभ बच्चन यांच्यासारख्या ज्या नटांना नाचण्याचे शिक्षण नव्हते, त्यांनी याच वळणाचा आधार घेतला.

'अलबेला' त्या वर्षीच्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांपैकी एक ठरला. भगवानदादांकडे पैसा आला. जुहूला समुद्राकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी वेगळी मोटार, असे त्यांच्या वैभवाचे वर्णन केले जाते. चाळीच्या एका खोलीतून आलेल्या माणसाची हौस तशीच असणार.

ती फार दिवस पुरली नाही. गीता बाली आणि सी. रामचंद्र यांनाच घेऊन १९५३ साली काढलेला 'झमेला' 'अलबेला'च्या जवळपासही गेला नाही. किशोर कुमार यांच्याबरोबरचा 'भागम भाग' १९५६ साली चालला. पण तो एकटाच. 'हंसते रहना' हा महत्त्वाकांक्षी चित्रपट पैसा गिळून अपुराच राहिला. १९६६ चा 'लाबेला' नावापुरताच जुन्या यशाची आठवण देऊन गेला. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारी गेल्या. भगवानदादा दादरच्या चाळीत परत आले. व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये (१९५५) किंवा 'चोरी चोरी'मध्ये (१९५६) त्यांना दखल घेण्याजोग्या भूमिका मिळाल्या होत्या. त्यानंतर मात्र मिळेल ते काम. कधी हवालदार, कधी नोकर, कधी एखाद्या गाण्यात गर्दीतून पुढे येऊन चार पावले टाकायची आणि पुन्हा गर्दीत मिसळायचे. प्रेक्षक ओळखून शिट्ट्या मारत. निर्मात्याला तेवढेच हवे असे.

वैभवात जमलेली माणसे पांगली. सी. रामचंद्र, नट ओम प्रकाश आणि राजेंद्र कृष्ण यांच्यासारखे थोडे जण चाळीचे जिने चढून त्यांना भेटायला येत राहिले. सी. रामचंद्र १९८२ साली गेले. भगवानदादांनी त्यानंतरही वीस वर्षे पाहिली आणि जमेल तोवर कामे केली. ते अधोगतीचे प्रतीक म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची रीत वर्तमानपत्रांत पडली होती. बंगला ते चाळ हा प्रवास सांगायला सोपा आहे. पण चाळ ही त्यांना परकी जागा नव्हती. जुहू हाच मुक्काम होता, घर दादरला होते.

गणपती विसर्जनाच्या दिवशी मिरवणुका त्यांच्या चाळीपाशी थांबत, असे जुने दादरकर सांगतात. बँडवाले 'अलबेला'तले गाणे धरत, खालून हाका सुरू होत आणि म्हातारे भगवानदादा पुढे येऊन, गुडघे किंचित वाकवून, हात कोपरात दुमडून दोन-चार पावले टाकत. मग मिरवणूक पुढे सरके. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांच्या आयुष्यावरचा 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट २०१६ साली आला; त्यात भगवानदादांची भूमिका मंगेश देसाई यांनी आणि गीता बालींची विद्या बालन यांनी केली.